गोष्ट कोणाची, पैसा कोणाचा?

बॉथेलला आमचा एक नेम आहे. शनिवारी शब्बाथ संपला, की आम्ही दोघे मराठी मालिका पाहायला बसतो. गेल्या हिवाळ्यात एका भागाच्या शेवटी आमच्या ठाण्याच्या भाच्याचे नाव दिसले. लेखक म्हणून! लगेच फोन केला. तिकडे रविवारची सकाळ होती.

तो म्हणाला, "मावशी, तो भाग तीन वर्षांपूर्वीचा. पैसे एकदाच मिळाले. आता साऱ्या जगात दिसतो, पण मला दमडी नाही. आता नवा करार सहीसाठी आलाय."

खरे सांगायचे तर आम्हांला आधी त्यात काही वावगे वाटले नाही. आम्हा दोघांचा जन्म इस्पितळात गेला. एक नर्स, दुसरे लॅबमध्ये. ड्यूटी संपली, पगार झाला, हिशेब मिटला. वाचलेला रोगी पुढे वीस वर्षे जगला म्हणून कोणी पुन्हा पगार देत नाही. पण आमची एक रात्रपाळी पुन्हा विकता येत नाही. गोष्ट मात्र पुनःपुन्हा विकली जाते. मग त्यात लिहिणाऱ्याचा वाटा नको का?

आमची समजूत होती की अमेरिकेचा कायदा लेखकाच्या बाजूचा असेल. तसे नाही. स्टुडिओने पैसे देऊन लिहून घेतलेल्या पटकथेचा कर्ता कायद्याने बहुधा स्टुडिओच धरला जातो. तरी इथल्या लेखक-नटांना पुनःप्रक्षेपणाचे पैसे मिळतात, ते युनियनने भांडून मिळवले म्हणून. १९६० साली दोघेही संपावर गेले. नटांच्या युनियनचे अध्यक्ष तेव्हा रोनाल्ड रेगन होते! २०२३ मध्ये लेखकांनी पुन्हा १४८ दिवस संप केला. इंटरनेटवरून दाखवल्या जाणाऱ्या कामाचा मोबदला हे त्याचे एक मोठे कारण होते.

भारतात १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल गीतकार-संगीतकारांच्या विरुद्ध गेला. वेगळा करार नसेल, तर निर्मात्याने पैसे देऊन करून घेतलेल्या कामाचा हक्क निर्मात्याचा. २०१२ मध्ये कायदा दुरुस्त झाला. चित्रपटातील साहित्य व संगीताच्या कर्त्याचा रॉयल्टीचा समान वाटा आता करारानेही काढून घेता येत नाही. चित्रपटगृहातील खेळ तेवढे अपवाद. हक्क कागदावर आला खरा, पण एकट्या लेखकाने तो वसूल कसा करावा?

आपल्या समाजाला हा विषय परका नाही. पहिला भारतीय बोलपट 'आलम आरा' १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला, तो आपल्याच जोसेफ डेव्हिड यांच्या नाटकावरून. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. नाव तेवढे उरले, आणि तेही आपल्या किती मुलांना ठाऊक आहे?

भाच्याला म्हटले, "ऑपरेशनच्या कागदावर न वाचता सही करणारे आम्ही पुष्कळ पाहिले. तू तसे करू नकोस. वकिलाला दाखव, लेखकांच्या संघटनेत नाव घाल."

"सही केली नाही तर काम दुसऱ्याकडे जाईल, मावशी."

तेही खोटे नाही. त्याची दोन मुले शाळेत आहेत. तरी त्याने धीर करून करारात रॉयल्टीची एक ओळ घालून मागितली आहे. उत्तर अजून आलेले नाही.

आपल्या घरी कोणी लिहिणारे, गाणारे असेल, तर त्यांना एवढे जरूर सांगा. आम्ही मात्र आता शेवटची नावे वाचल्याशिवाय टीव्ही बंद करीत नाही.