चुकांची वही

सल्ला देण्याचा अधिकार शिक्षकाला नेमणुकीच्या कागदाबरोबरच मिळतो, अशी लोकांची एक समजूत आहे. आणि खरे सांगावयाचे तर आमचीही ती तशीच होती. शाळेच्या फाटकापाशी, एस.टी.च्या थांब्यावर, लग्नाच्या पंगतीत कोणीतरी आम्हांस गाठतो व विचारतो, "गुरुजी, मुलाला पुढे कशाला घालावे?" आणि आम्हीही, जणू हा प्रश्न ऐकण्यासाठीच तेथे तिष्ठत उभे असल्याप्रमाणे, तत्काळ उत्तर देऊन मोकळे होतो. गेल्या दिवाळीच्या सुटीत मात्र या अधिकाराला जो धक्का बसला, त्याची हकीकत आमच्या विद्यार्थ्यांना व त्यांच्या पालकांना सांगणे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

आमची थोरली बहीण इंदूरला मल्हारगंजात दिलेली आहे. मल्हारराव होळकरांचे नाव मिरवणारी ही जुनी वस्ती. १८१८ साली होळकरांची राजधानी महेश्वरहून इंदुरास आली. त्या काळात जी मराठी घराणी माळव्यात स्थिरावली, त्यांपैकीच एक आमच्या भावोजींचे. घर जुने, जिना अरुंद, आणि माडीवर रस्त्याच्या बाजूची एक खोली. त्या खोलीत आमची भाची बारावीचा अभ्यास करीत होती.

आम्ही पेडण्याकडचे, आमची घरची बोली कोंकणी. बहीण आमच्याशी अजून कोंकणीतच बोलते. भाचीला ती समजते, परंतु बोलता येत नाही. तिची मराठी अस्सल इंदुरी. "मामा, मी टेस्ट देऊन राहिले आहे, तुम्ही नंतर या," असे ती दाराआडून म्हणाली, तेव्हा व्याकरण शिकवण्याची आमची खोड आम्ही महत्प्रयासाने आवरली. सामान ठेवून हातपाय धुतो न धुतो तोच बहिणीने हळूच कानाशी लागून सांगितले, "तिका तूंच सांग रे. तुजें आयकतलें तें." सांगावयाचे काय, हे निराळे विचारण्याची गरज नव्हती. वडिलांच्या मनात मुलीने अभियंता व्हावे. मुलीच्या मनात काय आहे, हे कोणासच कळेना.

भावोजी एका कापडाच्या पेढीवर हिशेब लिहितात. तरुणपणी त्यांना अभियांत्रिकीचे शिक्षण घ्यावयाचे होते. परंतु वडील अकाली गेले आणि घराचा भार अंगावर पडला. इंदुरात १९५२ साली स्थापन झालेली गोविंदराम सेकसरिया संस्था आहे. तिच्यावरून जाताना ते आजही वेग कमी करतात, असे बहीण सांगते. मुलीच्या शिकवणीवर्गाची फी त्यांनी उसनवारीने भरली होती. असा मनुष्य जेव्हा "आमचे राहिले, निदान तिचे तरी होऊ द्या, मास्तर," असे म्हणतो, तेव्हा त्याला काय उत्तर द्यावे?

तथापि आम्ही उत्तर दिलेच. आम्ही पडलो कला शाखेचे पदवीधर. त्या रात्री जेवताना आम्ही ना. श्री. बेंद्रे यांचे उदाहरण मोठ्या डौलाने पुढे केले. "याच इंदुरात १९१० साली जन्मलेला हा मराठी मुलगा," आम्ही म्हणालो, "देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली चित्रकला शिकला, बडोद्याला चित्रकलेचा प्राध्यापक झाला, पद्मभूषण झाला. मनाचा कौल मानला म्हणूनच ना?" भावोजींनी शांतपणे वरणाची वाटी पुढे सरकवली व विचारले, "पण मास्तर, ते बी.ए. झाले होते ना?" झाले होते खरे. १९३३ साली आग्रा विद्यापीठाची बी.ए. पदवी आणि तिच्यामागून १९३४ साली मुंबईची चित्रकलेची पदविका. "म्हणजे आधी पदवी, मग हौस!" भावोजी म्हणाले. एकाच उदाहरणाने दोन्ही पक्ष जिंकले, आणि भाची मान खाली घालून भात कालवीत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही माडीवर गेलो. भिंतीवर पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंतचे वेळापत्रक डकवलेले. टेबलावर पदार्थविज्ञानाचे जाड पुस्तक, आणि त्याच्याखाली दडवलेला एक पिवळा पडलेला कागद. तो मोडी लिपीतला होता. माळ्यावरच्या पेटीत तिला असे कागद सापडले होते आणि मोडीची बाराखडी समोर ठेवून ती एकेक अक्षर लावीत होती. मोडी वाचणे सोपे नव्हे. आधी ओळभर शिरोरेघ ओढून घ्यावयाची आणि मग लेखणी शक्य तो न उचलता तिच्याखाली लिहीत जावयाचे, अशी ती लिपी; शब्दांमध्ये अंतर नाही, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही. महिनाभरात तिने अर्धे पान लावले होते. त्यात राजकारण नव्हते की लढाई नव्हती. बैलांचा कडबा आणि दिव्याचे तेल यांचा तो हिशेब होता. पण तो वाचून दाखवताना तिचा चेहरा असा काही उजळला, की आमचा निर्णय तेथेच होऊन गेला. इतिहास! हिने इतिहासच घ्यावयाचा. तसे सांगण्यासाठी आम्ही तोंड उघडणार, इतक्यात तिनेच विचारले, "मामा, तुम्ही आर्ट्स का घेतले?"

या प्रश्नाचे एक सुंदर उत्तर आमच्यापाशी तयार आहे. साहित्याची ओढ, शब्दांचे वेड, इत्यादी. आमच्या विद्यार्थ्यांनी ते दरवर्षी ऐकलेले आहे. परंतु त्या दुपारी, दिवसाला चौदा-पंधरा तास अभ्यास करणाऱ्या त्या मुलीसमोर, ते उत्तर आमच्या ओठावर येईना. खरे उत्तर असे होते की, दहावीला गणितात आम्ही कसेबसे काठावर उतरलो आणि ज्या शाखेत गणित नाही तिकडे धूम ठोकली. साहित्याची गोडी लागली ती मागाहून. आम्ही वाट निवडली नव्हती. केवळ एका दारातून पळ काढला होता, आणि दुसरे दार उघडे सापडले हे आमचे सुदैव. ही कबुली आम्ही तिला दिली, आणि आज या पानावर सर्वांसमक्ष देत आहोत.

ती हसली नाही. थोडा वेळ गप्प राहून म्हणाली, "मलाही तेच भय आहे, मामा. मोडी मला आवडते की टेस्ट आवडत नाही म्हणून मोडी आवडते, हे मला समजतच नाही."

भाचीने अवघ्या एका वाक्यात आमच्या साऱ्या सल्लागिरीचा निकाल लावला. कोणता विषय घ्यावा हा प्रश्न नंतरचा. आपण कशाकडे जात आहोत की कशापासून पळत आहोत, हे आधी पाहावयाचे. ते पाहण्यास एखादे साधन हवे. आम्ही वर्गात मुलांना चुकांची वही ठेवावयास सांगतो. तीच आम्हांस आठवली. तिच्या शिकवणीवर्गातल्या मागील आठ सराव-परीक्षांच्या उत्तरपत्रिका काढून आम्ही दोघे बसलो. अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षेत, म्हणजे जेईई मेनमध्ये, तीन तासांत ७५ प्रश्न सोडवावयाचे असतात. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीच्या उत्तराला १ गुण वजा. वहीच्या पानावर तीन रकाने आखले: 'येत नव्हते', 'नीट वाचले नाही', 'घाई झाली'. आणि एकेक चूक आपापल्या रकान्यात नेऊन बसवली.

या कामाला तीन दुपारी लागल्या. पण त्यांतून जे निघाले ते आम्हा दोघांनाही नवे होते. पदार्थविज्ञानाच्या चुका बहुतेक पहिल्या रकान्यात जमल्या. गणिताचा तो रकाना मात्र जवळजवळ रिकामा, आणि 'घाई झाली' हा रकाना भरून वाहणारा. घड्याळ बाजूला ठेवून तीच गणिते पुन्हा घातली, तेव्हा तिने ती एकामागून एक सोडवली. एक तर दोन निरनिराळ्या रीतींनी. ज्या मुलीला आपण गणिताला भितो असे वाटत होते, तिला भीती होती ती केवळ घड्याळाची!

संध्याकाळी भावोजी पेढीवरून आले. त्यांना हा सारा प्रकार दाखवावा म्हणून आम्ही वही पुढे केली, तो त्यांची नजर शेजारच्या मोडी कागदावर गेली. भाची बावरली. भावोजींनी कागद उचलला. मोडी त्यांना येत नाही, परंतु ज्या ठिकाणी ती आठवडाभर अडली होती तेथे बोट ठेवून ते म्हणाले, "ही अक्षरे नव्हेत गं. या उभ्या रेघा म्हणजे पावल्या. एक रेघ पाव, दोन रेघा अर्धा, तीन पाऊण. आजोबांनी पावकी-निमकी पाठ करून घेतली होती आमच्याकडून." आणि मग त्या बापलेकींनी तो कडब्याचा आणि तेलाचा हिशेब शेवटच्या बाकीपर्यंत मांडून काढला. आम्ही आमचा चहा घेऊन खाली आलो. माडीवर तेव्हा आमचे काही काम नव्हते.

पुढच्या दिवसांत आम्ही तिघे भंवरकुव्याकडे गेलो. विद्यापीठाचा तक्षशिला परिसर आणि १८९१ साली स्थापन झालेले होळकर महाविद्यालय ही दोन्ही तेथे जवळजवळ आहेत. इंदुरात १९६४ साली विद्यापीठ झाले. त्यालाच पुढे देवी अहिल्या विद्यापीठ हे नाव मिळाले. आम्ही इमारती पाहण्यास गेलो नव्हतो. एखाद्या अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला मुले प्रत्यक्ष काय वाचतात, कसल्या प्रश्नांची उत्तरे लिहितात, हे विचारण्यास गेलो होतो. माहितीपत्रकात प्रत्येक अभ्यासक्रमाचा चेहरा लग्नातल्या छायाचित्रासारखा असतो. रोजचा चेहरा पाहावयाचा तर शेवटच्या वर्षाची प्रश्नपत्रिका पाहावी. इतिहासाच्या एका विद्यार्थिनीने आपली पुस्तके मोकळेपणाने दाखवली, आणि अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्याने आपल्या प्रयोगवह्या. भाची निमूटपणे टिपणे घेत होती.

सुटी संपली व आम्ही परत आलो. निघताना सल्ला असा आम्ही दिलाच नाही. एवढेच म्हणालो की, जानेवारीत जेईई दे, तो वडिलांच्या कष्टांचा मान. परंतु शाळान्त परीक्षेचा अभ्यास बाजूस टाकू नको. मध्य प्रदेशातील शासकीय महाविद्यालयांत पदवीचे प्रवेश मुख्यतः बारावीच्या गुणांवर होतात. प्रवेशपरीक्षेच्या धामधुमीत पुष्कळ मुले हे विसरतात. तीन तास बसून, हाताने, पूर्ण उत्तरपत्रिका लिहिण्याचा सराव तिने पुढे दर रविवारी केला आणि चुकांची वही नियमाने भरली.

मे महिन्यात तिचा दूरध्वनी आला. जेईईचे गुण बेताचेच होते, बारावीचे चांगले. इतिहास की अभियांत्रिकी, हे ऐकण्यास आम्ही अधीर झालो होतो. मनातून आमचा पक्ष अजून इतिहासाचाच होता, हे लपवीत नाही. ती म्हणाली, "मामा, मी होळकर कॉलेजात बी.एस्सी.ला गणित घेऊन राहिले आहे."

आम्ही क्षणभर निरुत्तर झालो. ती पुढे सांगू लागली: त्या मोडी कागदात तिला आनंद झाला तो बैलांमुळे किंवा तेलामुळे नव्हे, ओळखीच्या चार अक्षरांवरून अनोळखी पाचवे अक्षर नक्की करण्यात झाला. घड्याळ नसेल तेव्हा गणितातही तिला तोच आनंद होतो. मोडीचे कागद तर घरचेच आहेत. ते रविवारी वाचता येतील. शिवाय मध्य प्रदेशाने १९२०-२१ नव्हे, अगदी अलीकडे, २०२१-२२ पासून नव्या शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम लागू केला आहे. त्यात तीन वर्षांनी पदवी, आणि पुढे वाटले तर चौथे वर्ष. तिने हे सारे कागदावर मांडून, गणितानंतर कोणकोणत्या वाटा फुटतात तेही लिहून, वडिलांपुढे ठेवले होते.

"आणि बाबा काय म्हणाले?" आम्ही विचारले.

"बाबांनी कागद दोनदा वाचला. मग म्हणाले, क्लासची फी खर्चाच्या बाजूला लिहिली आहे. जमेला काय येते ते आता तू लिही."

वाचकहो, त्या माडीवरच्या खोलीत त्या दिवाळीत तीन माणसे परीक्षेला बसली होती. भावोजी आपली राहून गेलेली उत्तरपत्रिका मुलीच्या हातून लिहवून घेऊ पाहत होते. आम्ही आमच्या जुन्या पळपुटेपणाला तिच्याकडून शाबासकी मिळवू पाहत होतो. आपल्या स्वतःच्या प्रश्नपत्रिकेचे उत्तर शोधीत होती ती एकटी तीच. पालकांनी व आमच्यासारख्या मामालोकांनी मुलांना सल्ला देण्यापूर्वी आपण कोणत्या प्रश्नाचे उत्तर देत आहोत, हे एकदा पाहावे. आणि विद्यार्थी मित्रांनो, पुढल्या वर्षी जेव्हा कोणी तुम्हांस विचारील की पुढे काय घेणार, तेव्हा उत्तराची घाई करू नका. आधी चुकांच्या वहीत तीन रकाने आखा. आमच्या शिक्षक-कक्षाचे दार उघडे असते. वही घेऊन या, आपण मिळून पाहू. सल्ला मात्र, आता पूर्वीइतक्या तत्परतेने मिळणार नाही.