मूळ मशीन

मे महिन्यात अकोल्याचं काम असलं की मी अमरावतीहून पहाटेच निघतो. कॉलेजांना सुट्ट्या असतात, लॅब रिकाम्या असतात, म्हणून चाळीस-चाळीस कॉम्प्युटर नव्याने भरायची कामं याच महिन्यात निघतात. आणि दुपारी पारा पंचेचाळिसाकडे गेला की विजेचा भरवसा नसतो. एका तयार मशीनच्या डिस्कची नक्कल, म्हणजे इमेज, निम्मी उतरली असताना वीज गेली, तर सगळी मशीन अर्धवट राहतात.

पूर्वी माझ्याजवळ आधी सीडींची आणि मग पेनड्राइव्हची थैली असायची. एका लॅबचे शिपाईकाका अजूनही विचारतात, "थैली नाई आनली का जी?" आता एक जुना लॅपटॉप, एक स्विच आणि तारा पुरतात. मशीन सुरू करताना एफ-12 दाबायचं, नेटवर्क बूट निवडायचं. काळ्या स्क्रीनवर डीएचसीपी हा शब्द येतो आणि त्यापुढे एकेक टिंब उमटत जातं. डिस्क कोरी असलेलं ते मशीन 'कोणी आहे का' म्हणून तारेवर हाक देत असतं. माझा लॅपटॉप ओ देतो, त्याला पत्ता देतो आणि सुरुवातीची छोटी फाइल कुठून उचलायची ते सांगतो. पीएक्सई नावाची ही रीत इंटेलने नव्वदच्या दशकात घालून दिली. टिंबं थांबून पत्त्याचे आकडे उमटले की मला आजही बरं वाटतं.

त्याआधी एक काम मी दुसऱ्यावर सोपवत नाही. लॅबच्या स्विचमधून कॉलेजच्या मुख्य नेटवर्ककडे जाणारी तार स्वतःच्या हाताने काढून ठेवतो. एका नेटवर्कवर पत्ते वाटणारे दोघे झाले, तर ऑफिसातले कॉम्प्युटरही माझ्याकडून पत्ता घेऊन बसतात आणि तिथलं काम ठप्प होतं.

शंभर एमबीपीएसच्या जुन्या स्विचवरून 20 जीबीची इमेज एका मशीनवर उतरायला अर्धा तास लागतो. चाळीस जणांना वेगवेगळी पाठवली तर 18-20 तास. मल्टिकास्टमध्ये ती दवंडीसारखी एकदाच जाते आणि सगळे एकदम ऐकतात. पण मग सर्वांना सगळ्यात मंद मशीनसाठी थांबावं लागतं. खिट्टी तुटून सैल झालेली एक तार अख्खी लॅब रखडवते. म्हणून मी आधी स्विचवरचा एकेक दिवा बघतो आणि प्रत्येक तार हलवून पाहतो.

खरी कसोटी मात्र ज्याची इमेज घ्यायची ते मूळ मशीन तयार करताना लागते. त्यात जे राहून गेलं, ते चाळीस ठिकाणी राहतं. अमरावतीतल्या एका लॅबमध्ये माझ्याकडून मराठी कीबोर्ड चालू करायचा राहिला. मी सगळी तपासणी इंग्रजीतच केली होती. दुसऱ्या सकाळी मराठी टायपिंगच्या सरावाला आलेल्या मुली मशीनसमोर नुसत्या बसून राहिल्या. कोणी बोललं नाही, पण त्यांचा तो दिवस माझ्यामुळे गेला.

आपल्याकडे शेतकरी घरचं सोयाबीन पेरण्याआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो. सत्तर तरी उगवले तरच ते बियाणं पेरायचं. त्या सकाळपासून मीही इमेज आधी एकाच मशीनवर उतरवतो आणि ती लॅब रोज वापरणाऱ्या कोणाला तरी दिवसभर त्यावर बसवतो. मराठीत अर्ज टाइप करा, प्रिंट काढा, मशीन बंद करून पुन्हा लावा. त्यांनी हो म्हटल्यावरच बाकीची मशीन सुरू होतात.

मी वापरतो ते क्लोनझिला हे सॉफ्टवेअर तैवानच्या एका राष्ट्रीय संगणन केंद्रात तयार झालं. ते फुकट आहे, खुलं आहे. विंडोजचा परवाना तेवढा प्रत्येक मशीनला वेगळा लागतो. सर्व्हर म्हणून कपाटावर धूळ खात पडलेला एखादा कॉम्प्युटरही चालतो. तेव्हा कॉलेजवाल्यांना एकच विनंती आहे. पुढच्या मे महिन्यात मला बोलवाल तेव्हा लॅब असिस्टंट आणि दोन विद्यार्थी दिवसभर माझ्याजवळ उभे करा. त्याच्या पुढच्या वर्षी मला बोलवायची गरज पडणार नाही.