तळ्याकाठच्या तीन रात्री

आराम हा शब्द आमच्या घरांत रोज कानावर पडतो. अब्बांचा आराम दुपारी दोन ते चार, भाईजानचा आराम रविवारी. बायकांच्या वाट्याला तो बहुतेक वेळा डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून येतो. अंगात ताप नाही, बाळंतपण नाही, ऑपरेशन नाही आणि तरीही एखादी बाई आराम करायला निघाली, तीही घर सोडून, तर त्याला आराम म्हणत नाहीत, ऐश म्हणतात. या दोन शब्दांतला फरक आम्ही उर्दूच्या तासाला मुलींना पाच मिनिटांत समजावून देतो. घरच्यांना समजावून द्यायला आम्हाला दोन वर्षं लागली.

आम्ही सहाजणी सोलापुरातल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. उर्दू, मराठी, गणित, विज्ञान, इतिहास-भूगोल आणि पीटी असे सहा विषय आमच्यात वाटलेले आहेत. आमची वयंही तीस ते चाळीसच्या मधली. वर्गात पासष्ट मुलं, दिवसाला सहा तास उभं राहून शिकवणं, मधल्या सुट्टीत पोषण आहाराच्या नोंदी, सुट्टीच्या दिवशी मतदारयाद्यांचं काम, आणि घरी गेल्यावर दुसरी पाळी. एकीच्या पिंडऱ्यांवर निळ्या शिरा उठल्या आहेत, एकीचा उजवा खांदा फळ्यावर लिहून लिहून धरतो. गणिताच्या आपा तर खाली बसल्या की उठताना बाकाला हात लावून, बिस्मिल्ला म्हणून उठतात.

आमची भिशी आहे. भिशी म्हणजे दर महिन्याला एकीला रक्कम मिळायची आणि ती फीमध्ये, मिक्सरमध्ये किंवा नणंदेच्या लग्नात जायची. दोन वर्षांपूर्वी ठरलं की या खेपेला कुणी उचलायची नाही. दरमहा अडीच हजार, सहाजणींचे पंधरा हजार, चोवीस महिन्यांचे तीन लाख साठ हजार. हे पैसे फक्त आरामावर खर्च करायचे, आणि आराम चांगल्यापैकी करायचा. धर्मशाळेत उतरून, स्टोव्ह पेटवून, सहाजणींची खिचडी शिजवायला जायचं नाही. डोंगरात जायचं, पाण्याकाठी राहायचं आणि दुखरं अंग कुणाकडून तरी चोळून घ्यायचं.

पोखरा हे नाव भूगोलाच्या आपांनी काढलं. नेपाळातलं हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे मीटरवर आहे. म्हणजे महाबळेश्वरपेक्षाही खाली. पण उत्तरेला मान वर केली की अन्नपूर्णेची रांग दिसते. त्यातलं अन्नपूर्णा-१ हे शिखर ८,०९१ मीटरचं. माछापुच्छ्रे, म्हणजे माशाच्या शेपटीसारखं शिखर, ६,९९३ मीटरचं. १९५७ साली गिर्यारोहक त्याच्या माथ्याच्या अगदी जवळ जाऊन परत फिरले, आणि पुढं नेपाळ सरकारनं ते चढाईसाठी बंदच केलं. पायथ्याशी फेवा तलाव. तिथं जगभरची तरुण मंडळी सारंगकोटवरून पॅराग्लायडिंग करायला, दोरी बांधून उड्या मारायला आणि अन्नपूर्णेच्या पायवाटा तुडवायला येतात. आम्हाला यातलं काही करायचं नव्हतं, पीटीच्या बाई सोडून. त्यांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं की आपण उडणार, अबायाऐवजी ट्रॅकपँट आणि लांब कुर्ता घालून.

भारतीयांना नेपाळसाठी व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं ओळखपत्र पुरतं. आम्ही गावभर लोकांची ओळखपत्रं दुरुस्त करत हिंडलो होतो, आता आमची स्वतःची कामाला येणार होती.

घरातल्या वडीलधाऱ्यांची हरकत खर्चाला नव्हती, सफरीला होती. बाईनं मेहरम, म्हणजे नवरा, बाप, भाऊ किंवा मुलगा सोबत नसताना लांबचा प्रवास करू नये असा जुना मसला आहे. आमच्याकडं तो अठ्ठेचाळीस मैलांच्या हिशोबानं सांगतात. २०१८च्या हजपासून पंचेचाळीस वर्षांवरच्या भारतीय स्त्रियांना चौघींच्या गटानं मेहरमशिवाय जायची मुभा मिळाली, हे आम्ही सांगून पाहिलं. "वो इबादत है, ये सैर है," असं उत्तर आलं. उत्तर बिनतोड होतं. पण आम्हाला प्रशिक्षणासाठी पुण्याला पाठवताना हे मैल कुणी मोजले नव्हते. पगाराच्या कामाला अंतर आड येत नाही, आरामाला येतं, एवढंच आम्ही नम्रपणे लक्षात आणून दिलं. शेवटी वाट काढली विज्ञानाच्या बाईंच्या सासूबाईंनी. त्या म्हणाल्या, "छे की छे एक कमरे के बाजू में रहो, रात कू फोन करो, बस."

मग निवड. बी.एड.ला आम्ही एक गोष्ट पक्की शिकलो, ती म्हणजे टाचण. उद्दिष्ट, साहित्य, कृती, मूल्यमापन. आम्ही एक जुनी टाचणवही काढली आणि प्रत्येक रिसॉर्टला एक पान दिलं. फोटो पाहून कुणी भाळायचं नाही, हा पहिला नियम. फोटोत प्रत्येक रिसॉर्टचं तळं निळं असतं आणि प्रत्येक खिडकीत हिमशिखर मावलेलं असतं.

पहिली शिकवणी नावाची मिळाली. पोखऱ्यात लेकसाइड हे एका वस्तीचं नाव आहे, जिला गावकरी बैदाम म्हणतात. तिथल्या हॉटेलांच्या पत्त्यात तळं असतंच, खिडकीत असेल असं नाही. मध्ये रस्ता, दुकानं आणि दुसऱ्या हॉटेलांच्या पाठी असतात. शिवाय सारंगकोटचा डोंगर तळ्याच्या उत्तरेला असल्यामुळं, काठाच्या उत्तर टोकाला उतरलं तर हिमशिखरं त्या डोंगराआड जातात. माछापुच्छ्रे पाण्यात उलटं पाहायचं असेल तर दक्षिणेच्या काठावर, धरणाच्या बाजूला जावं लागतं. तिकडच्या एका जुन्या लॉजवर दोरीनं ओढायच्या तराफ्यातून जातात. भूगोलाच्या आपांनी फळ्यावर नकाशा काढून हे समजावलं, तेव्हा यादीतली चार पानं गळाली.

दुसरा प्रश्न काठाचा होता, आणि तिथं आमचं एकमत व्हायला वेळ लागला. मराठीच्या बाईंना अगदी पाण्याला लागून खोली हवी होती. सकाळी पाय सोडून बसता यावं अशी. पण फेवाचा काठ हा वादाचा विषय आहे. तलाव गाळानं आणि बांधकामांनी आकसत गेला आहे. नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये काठापासून ६५ मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितलं आणि २०२३ मध्ये तेच पुन्हा बजावलं. पोखरा खोऱ्यातली नऊ तळी २०१६ पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांत, आहेत. या तळ्यांवर जलारी नावाचा समाज पिढ्यान्‌पिढ्या जाळी टाकून जगत आला. "आपली खाट ज्या जागेवर पडेल ती जागा कुणाची होती, हे विचारायचं की नाही?" असं इतिहासाच्या तोंडानं भूगोलाच्या आपांनीच विचारलं. त्यावर उर्दूच्या आपा म्हणाल्या, "आयुष्यात एकदा आराम करायला निघालोय, तिथंही पंचनामा करायचा का?" दोघींचंही खरं होतं. आम्ही टाचणात एक ओळ वाढवली: काठापासूनचं अंतर किती? फोनवर हा प्रश्न विचारला की काहीजण लगेच आकडा सांगत, आणि काहीजण स्विमिंग पूलबद्दल बोलायला लागत. गुण तिथंच पडत गेले.

स्पाबद्दल घरात फार कुजबुज झाली. स्पा म्हटलं की आमच्याकडं लोकांच्या डोळ्यांपुढं भलतंच येतं. खरं तर ही गोष्ट आम्हाला परकी नाही. बुऱ्हाणपूरच्या शाही किल्ल्यात मुमताजमहलच्या काळातला हम्माम आजही आहे. छतावर नक्षी आणि गरम-गार पाण्याची सोय. त्याच शहराला पाणी पुरवणारा कुंडी भंडारा १६१५ साली अब्दुल रहीम खानखानानं बांधवला. फरक इतकाच की तो हम्माम मलिकेचा होता, आणि आमची चौकशी मास्तरणींची होती. हदीसमध्ये माणसाच्या शरीराचाही त्याच्यावर हक्क सांगितला आहे. हे आम्ही दीनियातच्या तासाला शिकवतो आणि वर्गाबाहेर आलो की विसरतो.

आमचे प्रश्न साधे होते. मालिश करणारी बाईच असेल ना? खोलीला आतून कडी आहे का? स्टीमची खोली सगळ्यांची मिळून एकच आहे की बायकांची वेळ वेगळी आहे? पूलमध्ये पूर्ण अंगाचा पोशाख चालतो का? मांस हलाल नसेल तर नुसत्या डाळ-भात-तरकारीचं ताट मिळेल का? हे प्रश्न विचारताना सुरुवातीला आमचाच आवाज खाली जायचा. पाचव्या-सहाव्या फोनला लक्षात आलं की यातला एकही प्रश्न फक्त मुसलमान बाईचा नाही. आतून कडी हवी असं कुठल्या बाईला वाटत नाही?

आणि पाणी. आम्ही ज्या शहरात वाढलो तिथं नळाला कित्येक दिवसांआड पाणी यायचं. पाण्याच्या पाळीला रात्री दोनला उठून हंडे भरण्यात आमचं लहानपण आणि लग्नानंतरची कितीतरी वर्षं गेली. अजूनही अंघोळीला बसलं की मन बादल्या मोजतं. म्हणून टाचणात लक्झरी या शब्दासमोर आम्ही प्रत्येकीनं एकेक अर्थ लिहिला, तेव्हा चौघींनी पाण्याबद्दलच लिहिलं होतं. पाचवीनं लिहिलं होतं, चहा आयता. सहावीनं लिहिलं होतं, दार बंद.

एका ठिकाणी सगळं जुळलं. भाव ठरला, तीन खोल्या आहेत असं फोनवर सांगितलं. आम्ही सहाजणींची नावं आणि ओळखपत्रांच्या प्रती पाठवल्या. तासाभरात निरोप आला, सगळं भरलं, माफ करा. बी.एड.च्या वर्गातली आमची एक मैत्रीण आहे, तिचं आडनाव आमच्यासारखं नाही. तिनं संध्याकाळी त्याच तारखांना विचारलं. तीन खोल्या होत्या, वर दहा टक्के सूट. गणिताच्या आपांनी हा हिशोब दोनदा करून पाहिला. मग टाचणवहीतलं ते पान फाडलं नाही, नुसती तिरकी रेघ मारली. त्या दिवशी स्टाफरूममध्ये कुणी फार बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्यातल्या मणियार जमातीच्या बाईंनी नवीनच माहिती आणली. नेपाळच्या पहाडात, काठमांडूपासून पोखऱ्यापर्यंतच्या गावांत, चुरौटे नावाचे मुसलमान राहतात. नेपाळीत बांगडीला चुरा म्हणतात, आणि बांगड्या विकणारे म्हणून चुरौटे. काही शतकांपूर्वी डोंगरातल्या राजांनी त्यांच्या पूर्वजांना हिंदुस्थानातून बोलावून वसवलं, असं सांगतात. ते नेपाळीच बोलतात. पोखऱ्यात मियाँपाटन नावाची वस्तीसुद्धा आहे. "म्हणजे आमचे भाईबंद तिथं आमच्या आधी जाऊन बसलेत," मणियार बाई म्हणाल्या, "आणि हे हॉटेलवाले आम्हाला नाव विचारतात." त्या हसल्या तेव्हा आम्हीही हसलो. पुढच्या फोनला मग पहिल्यांदा नावंच सांगायची आणि नंतर भाव विचारायचा, असं ठरलं. दोन दिवस वाचले.

अखेर निवड झाली ती फेवाची नव्हे. पोखऱ्याच्या पूर्वेला, गावापासून दहा-पंधरा किलोमीटरवर बेगनास तलाव आहे. त्या खोऱ्यातला दुसरा मोठा. तिकडं गर्दी कमी आहे. काठापासून वर, उतारावर एक रिसॉर्ट आहे, तळं पायाशी दिसतं पण पायाला लागत नाही. फोनवर एक बाई होत्या. नावं ऐकून त्यांनी फक्त एवढंच विचारलं की सकाळी कितीला उठता, गरम पाणी तयार ठेवायला. त्यांची पहाट आणि आमची फजर यांची वेळ जवळपास एक निघाली. भाव नेपाळी रुपयांत सांगितला तेव्हा आमच्या छातीत धस्स झालं. मग गणिताच्या आपांनी शंभराला एकशे साठनं भागून, वरचा १३ टक्के कर मिळवून, रक्कम आपल्या रुपयांत आणली, आणि तीन रात्री भिशीत बसल्या. मराठीच्या बाईंनी पाण्यात पाय सोडायचा हट्ट सोडला नाही. त्यांच्यासाठी एक दिवस होडीचा ठेवला आहे.

विमानाचा विचार घरच्यांनी मोडला. १५ जानेवारी २०२३ला पोखऱ्याच्या नव्या विमानतळावर उतरता उतरता पडलेलं विमान आणि त्यातली ७२ माणसं अजून सगळ्यांच्या मनात आहेत. आम्ही रेल्वेनं गोरखपूर, तिथून सुनौलीची सरहद्द आणि पुढं दिवसभर घाटाचा रस्ता असं जाणार. दिवाळीची सुट्टी, म्हणजे पाऊस सरलेला आणि आकाश धुतलेलं. तिकडंही त्याच दिवसांत तिहार असतो, दिव्यांचाच सण.

आगाऊ रक्कम भरून झाली त्या संध्याकाळी विज्ञानाच्या बाई घरी सासूबाईंना सगळं सांगत होत्या. तळं, डोंगर, तीन रात्री. सासूबाई गुडघ्याला तेल लावत ऐकत होत्या. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी बाटलीचं झाकण लावलं आणि विचारलं, "वहाँ ज्यादा की खाट डालते क्या?"

आम्ही विचारलंय. टाकतात.