टिटवाळा ते कात्रज : तळ्याकाठचे प्राणी

कात्रजचे राजीव गांधी प्राणिसंग्रहालय पुणे महानगरपालिका चालवते. वाघ, बिबट्या, अस्वल, गवा, काळवीट, सांबर अशा देशी प्राण्यांवर तिथे भर आहे. टिटवाळ्याहून तिकडे जाणारी वाट एका तळ्यापासून निघते आणि दुसऱ्या तळ्याशी संपते. टिटवाळ्याचा महागणपती दुष्काळात तळ्याचा गाळ उपसताना पेशव्यांच्या माणसांना सापडला आणि थोरल्या माधवरावांनी देऊळ बांधले, असे सांगतात. तिथून लोकलने कल्याण गाठायचे आणि पुण्याची गाडी धरायची. ती कर्जतवरून, १८६३ साली खुल्या झालेल्या बोरघाटाच्या लोहमार्गाने वर चढते.

पुण्यात आधी सारसबाग लागते. आंबील ओढ्याचे पाणी अडवून नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी तळे केले. त्यातल्या बेटावर १७८४ साली सवाई माधवरावांनी गणपती बसवला. पाणी कधीच गेले, तरी पुणेकरांच्या तोंडी तो ‘तळ्यातला गणपती’च राहिला. सवाई माधवरावांना प्राण्यांचा भारी षोक, आणि त्यांचा शिकारखाना, म्हणजे प्राणिसंग्रहही, पर्वतीजवळच होता. पुण्यात गेंडा नांदत होता हे आज चटकन पटत नाही; पण गंगाराम तांबट या चित्रकाराने १७९० मध्ये तो समोर पाहून रेखाटला, आणि ते चित्र आता अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे.

याच परिसरात १९५३ साली महानगरपालिकेने पेशवे पार्क उभारले. पिढ्यान्‌पिढ्या पुणेकर मुलांनी पहिला वाघ तिथे पाहिला आणि १९५६ पासून ‘फुलराणी’ या छोट्या आगगाडीतून फेऱ्या मारल्या. मुलांची चैन होती. जनावरांच्या वाट्याला मात्र अपुरे पिंजरेच आले.

मोकळी जागा कात्रजला होती. तिथे १९८६ मध्ये सर्पोद्यान झाले, १९९९ मध्ये प्राणिसंग्रहालय खुले झाले आणि पुढे पेशवे पार्कातले प्राणी इथे हलवले गेले. सुमारे १३० एकरांच्या या आवारात गजांऐवजी बऱ्याच ठिकाणी खंदक आहेत, त्यामुळे प्राणी झाडोऱ्यात दिसतो. कधी दिसतही नाही, आणि ते योग्यच. आवारातले तळेही नानासाहेबांच्याच काळचे. अठराव्या शतकाच्या मध्यास त्याचे पाणी भुयारी नळाने शनिवारवाड्यापर्यंत नेले होते. त्या नळावरचे, हवा खेळण्यासाठी बांधलेले दगडी उच्छ्वास शहरात अजून कुठे कुठे उभे आहेत.

संग्रहालय बुधवारी बंद असते. भर दुपारी वाघ बहुधा सावलीत आडवा पडलेला असतो, तेव्हा सकाळी लवकर पोचलेले बरे.