गळका व्हॉल्व्ह आणि घरातला पाना

वऱ्हाडात ‘पाणी आलं’ असं फारसं कुणी म्हणत नाही, ‘नळ आले’ म्हणतात. गल्लीत एकीने आवाज दिला, “नळ आले वो!” की घराघरांतून गुंड, बादल्या, ड्रम आणि प्लॅस्टिकचे पाइप बाहेर निघतात. रोज येणाऱ्या गोष्टीचं कुणी असं स्वागत करत नाही. आमच्याकडे नळ पाहुण्यासारखे येतात, म्हणून भाषाही पाहुण्याचीच झाली.

माझं माहेर अकोल्याचं, सासर अमरावतीचं. अकोल्याला पाणी येतं महानजवळच्या काटेपूर्णा धरणातून, अमरावतीला मोर्शी तालुक्यातल्या सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणातून. या दुसऱ्या जलाशयाचं नाव नळदमयंती सागर. दमयंती विदर्भाची राजकन्या, म्हणून हे नाव. पण अमरावतीकर त्यावर विनोद करतात, की सागराच्या नावातला नळ कायम असतो, घरातला मात्र वेळ बघून येतो. अकोल्यात तर दोन पाळ्यांमध्ये काही दिवस जातात आणि उन्हाळ्यात हे अंतर आणखी वाढतं. त्यामुळे आमचं सगळं लक्ष भरण्याकडे असतं. किती भरलं, कशात भरलं, पुरेल का. ज्या व्हॉल्व्हमधून ते पाणी घरात शिरतं, त्याच्याकडे कुणी बघत नाही.

हा व्हॉल्व्ह बहुतेक घरांत ओट्याखाली किंवा दारासमोरच्या खड्ड्यात असतो. वर फरशीचा तुकडा, शेजारी नाली. नळ आले की तो हँडलखालून झिरपतो, खड्डा भरतो, नळ गेले की झिरपणं थांबतं. ‘थोडंसंच तर गळतं’ म्हणून आपण सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधतो आणि विसरून जातो. मला जे सांगायचं आहे ते इथेच आहे. चोवीस तास पाणी असणाऱ्या शहरात गळका व्हॉल्व्ह फक्त पाणी वाया घालवतो. आमच्यासारख्या शहरांत तो पाणी बिघडवतो.

कारण सोपं आहे. पाइप भरलेला आणि दाबाखाली असतो तोवर फटीतून पाणी बाहेर येतं. पुरवठा बंद झाला की पाइपात उरलेलं पाणी उताराकडच्या घरांकडे ओढलं जातं आणि मागे पोकळी तयार होते. मग तीच फट उलटं काम करते. बाहेरचं आत खेचते. खड्ड्यात स्वच्छ हवा असेल तर हवा जाईल, नालीचं पाणी साचलेलं असेल तर ते जाईल. त्यात कुणी नळालाच टिल्लू पंप लावला असेल तर ओढ आणखी वाढते. पंप धरणातून पाणी आणत नाही. पाइपात जे मिळेल ते आणि फटीतून जे सापडेल तेही तो ओढून घेतो. नळ आल्यावर पहिली बादली पिवळसर आणि वासाची का असते, याचं उत्तर बरेचदा या फटींत असतं. ती पहिली बादली ओट्यावर ओतून देण्याची आमच्या आया-सासवांची रीत म्हणूनच बरोबर आहे. मात्र तुरटी फिरवली की पाणी शुद्ध झालं, ही समजूत तेवढी बरोबर नाही. तुरटीने गाळ खाली बसतो, रोगजंतूंचा पूर्ण बंदोबस्त होत नाही.

२०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, माणसं दगावली. दूषित पाणी हे तिचं कारण होतं. गटारातून जाणारे पाइप आणि त्यांच्या गळक्या जोडण्या किती महाग पडू शकतात, हे तेव्हा अख्ख्या महाराष्ट्राने वाचलं. काविळीचा हा प्रकार गरोदर बाईला फार धोक्याचा असतो. ओट्याखालच्या व्हॉल्व्हकडे मी तेव्हापासून वेगळ्या नजरेने बघते.

वाया जाणाऱ्या पाण्याचाही हिशोब करून बघा. साधारण वीस थेंबांचं एक मिलिलिटर होतं. टाकीच्या व्हॉल्व्हमधून सेकंदाला एक थेंब पडत असेल तर दिवसाला ८६,४०० थेंब, म्हणजे सव्वाचार लिटरच्या वर पाणी. पाच दिवसांनी नळ येणार असतील तर तोवर एकवीस लिटर, एक मोठी बादली भरून. बारीक धार लागली असेल आणि दहा मिनिटांत लिटरभर पाणी जात असेल, तर दिवसाला १४४ लिटर. शहरातल्या एका माणसाच्या रोजच्या पाण्याचं सरकारी प्रमाण १३५ लिटर आहे. म्हणजे घरात एक न दिसणारा माणूस राहतो आणि आपल्यापेक्षा जास्त पाणी वापरतो.

आमच्याकडे पाण्याचं आणखी एक माप आहे. हदीसच्या ग्रंथांत नोंद आहे की प्रेषित मुहंमद (स.) एक मुद्द पाण्यात वजू करत. मुद्द म्हणजे मध्यम हातांची भरलेली ओंजळ, आजच्या मापात फार तर पाऊण लिटर. या हिशोबाने सेकंदाला एक थेंब गाळणारा व्हॉल्व्ह दिवसभरात पाच वक्तांच्या वजूचं पाणी सांडून टाकतो. वजूखान्यातल्या नळांच्या रांगेत एखादी तोटी कायम टपकत असते आणि आतमध्ये पाण्याच्या बचतीवर बयान चालू असतं, हे दृश्य मुस्लिम वाचकांना नवं नाही. त्या तोटीला लागतो दोन-पाच रुपयांचा एक वायसर.

दुरुस्तीचं मी शिकले ती अब्बांकडून. अब्बा अकोल्याच्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये फिटर होते. रुईच्या गाठी दाबणाऱ्या प्रेसचा हायड्रॉलिक पंप असो की घरचा व्हॉल्व्ह, फिरणाऱ्या किंवा सरकणाऱ्या दांड्याभोवती गळती थांबवायची युक्ती एकच असते. दांड्याभोवती डोरी गुंडाळायची आणि वरून नट आवळून ती दाबायची. या जागेला ग्लँड म्हणतात. अब्बा सांगायचे, “आधी कुठून गळतं ते बघ, पाना नंतर उचल.”

व्हॉल्व्ह तीन ठिकाणी दगा देतो. कोरड्या कागदाने पुसून एकेक जागा तपासली की कळतं.

पहिली जागा हँडलखालची. सर्वांत जास्त गळती इथेच असते आणि दुरुस्ती सर्वांत सोपीही इथलीच. हँडलच्या खाली दांड्याभोवती जो लहान नट दिसतो तो ग्लँड नट. एका पान्याने व्हॉल्व्हचं अंग धरायचं, दुसऱ्याने हा नट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने थोडा, फार तर पाव फेरा, आवळायचा. एकाच पान्याने जोर लावला तर व्हॉल्व्हसकट जुना गंजलेला पाइप फिरतो आणि गळती भिंतीच्या आत जाते. पाव फेऱ्यात बरेचदा काम होतं. हँडल फिरवायला जड झालं तर जास्त आवळलं गेलं समजायचं.

तेवढ्याने भागलं नाही तर डोरी संपली आहे. मग नट पूर्ण खोलायचा, जुनी डोरी काढायची, दांडा टूथब्रशने साफ करायचा आणि नवी डोरी फिरवायची. हार्डवेअरच्या दुकानात ‘ग्लँड डोरी’ म्हटलं की देतात. ती नसेल तर टेफ्लॉन टेप पिळून तिची दोरी करायची आणि नट आवळण्याच्या दिशेनेच दांड्याभोवती चार-पाच वेढे द्यायचे. एक काळजी घ्या. जुन्या व्हॉल्व्हमधली पांढरट-राखाडी डोरी ॲस्बेस्टॉसची असू शकते. ती कोरडी खरवडू नका, ओली करून काढा आणि पिशवीत बांधून टाका.

दुसरी जागा पाइपाच्या जोडाची. इथे बाहेरून लावलेली पट्टी किंवा एम-सील फार दिवस टिकत नाही, कारण दाब आतून येतो. जोड खोलून, आटे साफ करून, टेप आट्यांच्या दिशेने गुंडाळून पुन्हा बसवावा लागतो. पूर्वी इथे सूत आणि सफेदा लावत.

तिसरी जागा दिसत नाही. व्हॉल्व्ह बंद केला तरी पाणी पुढे जातच राहतं. आतली पट्टी झिजलेली असते किंवा तिच्याखाली क्षार बसलेला असतो. अशा व्हॉल्व्हवर जोर लावून काही होत नाही. पितळेचा बॉल व्हॉल्व्ह घ्यावा आणि बदलावा. त्याचं हँडल पाव फेऱ्यात उघडतं आणि बंद होतं. तो अर्धवट उघडा ठेवायचा नसतो, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

क्षार हा वऱ्हाडाचा खास प्रश्न. पूर्णेच्या दोन्ही अंगांचा खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतून जातो. दर्यापूरकडच्या पाहुण्यांना आमचं नळाचं पाणी गोड लागतं, यावरून तिथल्या विहिरींची कल्पना करा. शहरातल्या बोअरलाही बरेच ठिकाणी जड पाणी लागतं. ते व्हॉल्व्हमध्ये बसतं, हँडल अडकतं आणि नेमकं गरजेच्या वेळी हलत नाही. अडकलेल्या हँडलला पाइप घालून हिसका दिला तर दांडा तुटतो. ग्लँड नट थोडा सैल करायचा, गरम पाण्यात भिजवलेलं फडकं गुंडाळायचं आणि हँडल मागे-पुढे हळूहळू हलवायचं. पिण्याच्या लाइनीवर गाडीचं ऑइल सोडायचं नाही. महिन्यातून एकदा प्रत्येक व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून पुन्हा उघडला तर ही वेळच येत नाही. बोअर आणि नळाची लाइन ज्या घरांत एका व्हॉल्व्हने जोडलेली आहे, तिथे तर तो व्हॉल्व्ह झिजला की दोन्ही पाणी एक होतात. या दोन लाइनी मुळात वेगळ्याच असाव्यात.

आता आपल्याकडच्या टंचाईतली एक सोय. दुरुस्तीच्या पुस्तकात पहिलं वाक्य असतं की आधी मागचं पाणी बंद करा. आमच्याकडे ते बंदच असतं. दोन पाळ्यांमधल्या दिवसांत नळाच्या लाइनीला दाब नसतो. सर्वांत खालची तोटी उघडून उरलंसुरलं पाणी काढलं की व्हॉल्व्ह निवांत खोलता येतो. टाकीच्या व्हॉल्व्हसाठी टाकी तळाला गेल्याचा दिवस धरावा. थोडं पाणी वाचवायचं असेल तर टाकीच्या आतून तोंडाशी कापडाचा बोळा लावतात, पण त्याला दोरी बांधून तिचं टोक बाहेर ठेवावं, नाहीतर बोळा पाइपात जाऊन बसतो. काम झालं की नळ येण्याची वाट बघायची आणि पहिल्या पाण्याबरोबर कोरडा कागद घेऊन हजर राहायचं.

हे सगळं काम अर्ध्या तासाचं आहे. तरी ते महिनोन्‌महिने राहून जातं, कारण आपल्या घरांत पाणी भरणं बाईचं आणि पाना पुरुषाचा अशी वाटणी आहे. नळ येतात तेव्हा पुरुष कामावर असतात किंवा झोपेत. गळती बाई बघते, ती सांगते, ते प्लंबरला सांगतात. एका उन्हाळ्यात आमच्याकडे ‘उद्या येतो’ म्हणालेला कारागीर आठवडाभर आला नाही. त्याचंही चुकलं म्हणता येत नाही. पाव फेऱ्याच्या कामासाठी तो शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला कशाला येईल? आणि आला तर घरात पुरुष नाही म्हणून त्याला दारातूनच परत पाठवणारी घरंही मी पाहिली आहेत. त्या दिवशी मी अब्बांची पिशवी उघडली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “हे तुझं काम आहे का?” गळती थांबल्यावर त्यांनीच शेजारच्या काकूंना बोलावून ग्लँड नट दाखवला. काकू म्हणाल्या, “एवढंसंच होतं काय वो बाप्पा!”

प्रत्येक काम मात्र आपलं नसतं. मुख्य पाइपापासून मीटरपर्यंतची जोडणी पाणीपुरवठा करणाऱ्यांच्या अखत्यारीतली असते. तिथे पाना लावू नये, लेखी तक्रार करावी आणि तीही गल्लीने मिळून. मीटरच्या आतला व्हॉल्व्ह नालीच्या पातळीला असेल तर तो जमिनीच्या वर उचलून घेण्याचं काम जाणत्या प्लंबरकडून एकदाच करून घ्यावं. साताऱ्यातल्या मलकापूरसारख्या गावाने चोवीस तास पाणी देऊन दाखवलं आहे. तिथे पाइपात दाब कायम असतो, म्हणून बाहेरची घाण सहसा आत शिरत नाही. आपल्याकडे तो दिवस येईल तेव्हा येईल. तोवर आपल्या उंबऱ्याच्या आतली फट बुजवणं आपल्या हातात आहे.

आमच्या घरी पाना आता स्वयंपाकघरात सांडशीच्या शेजारी टांगलेला असतो. तुमच्याकडे पुढच्या वेळी नळ येतील तेव्हा भांडी भरून झाली की दोन मिनिटं थांबा. खड्ड्यावरची फरशी उचला, व्हॉल्व्ह पुसा आणि हँडलखाली कोरडा कागद धरा. कागद ओला झाला तर नळ जाईपर्यंत वाट बघा आणि मग पाव फेरा.