डबीवरचे चित्र

जुना चित्रपट म्हटला की आमच्या वर्गातील निम्मी मुले जांभई देतात. काळा-पांढरा म्हटला की उरलेली निम्मी. यात त्यांचा फार दोष आहे असे मला वाटत नाही. एखादी गोष्ट कोणत्या वेषात दारात उभी राहते, यावर तिला घरात घ्यायचे की परत पाठवायचे हे पुष्कळदा ठरते. वरच्या रंगाला भुलू नका, असे संत सांगून गेले. पण वर काही रंगच नसेल तर आतले पाहायला थांबणार कोण? गेल्या वर्षी महाविद्यालयाच्या जुन्या चित्रपटांच्या डीव्हीडींना नवी कव्हरे करण्याचे काम माझ्याकडे आले आणि तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मागे लागला आहे.

त्याचे असे झाले. ग्रंथालयाच्या एका कपाटात चित्रपट मंडळाच्या चाळीसेक डीव्हीडी आहेत. एका पावसाळ्यात कपाटामागच्या भिंतीला ओल आली आणि कव्हरांचे कागद बुरशीने खाल्ले. तबकड्या तेवढ्या वाचल्या. त्या पांढऱ्या पाकिटांत गेल्या, पाकिटांवर निळ्या शाईने नावे आली आणि मग त्यांना कोणी हात लावीनासे झाले. मी संध्याकाळी एका फ्लेक्सच्या दुकानात काम करतो, हे मराठीच्या सरांना ठाऊक होते. ते म्हणाले, "तुझ्या हाताला कॉम्प्युटरची सवय आहे. एकेकाला जरा कपडे चढव बघू."

फ्लेक्सच्या धंद्यात एकच नियम असतो : ज्याचा मान मोठा त्याचे तोंड मोठे. मधोमध वाढदिवसवाले दादा, वर नेते, खाली शुभेच्छुकांची रांग. त्या रांगेत एखाद्याचे डोके शेजाऱ्यापेक्षा तसूभर लहान झाले, तर रात्री दुकानात भांडण. पहिल्या दिवशी मी याच नियमाने कव्हर करायला बसलो होतो.

खरे तर हा नियम मी दुकानात जाण्याच्या पुष्कळ आधी पाहिला होता. मी पाच-सहा वर्षांचा असताना आमच्या वस्तीवर सीडीचा प्लेअर एका रात्रीपुरता भाड्याने आणीत. त्याबरोबर तीन चित्रपट मिळत. ते कोणते, हे आई ठरवी. आई शाळेत गेलेली नाही. माझ्या कॉलेजच्या अर्जावर पालकाच्या सहीच्या जागी तिच्या अंगठ्याचा ठसा आहे. दुकानदाराने आणलेली कव्हरे ती पोत्यावर ओळीने मांडी आणि सांगे, "ह्यो रडायचा. ह्यो मारामारीचा. ह्यो देवाचा." तिचा अंदाज क्वचितच चुके. कोपऱ्यात पेटलेली गाडी, मधे हिरो-हिरॉइन, खाली हात जोडलेली म्हातारी आई, हे सारे त्या वीतभर कागदावर दाटीवाटीने बसलेले असे. शिकलेली माणसे अशा कव्हरांना हसतात. पण ज्याला नाव वाचता येत नाही, त्याच्यासाठी ती दाटी म्हणजे अनुक्रमणिकाच होती.

डीव्हीडीच्या कव्हरचा पुरा कागद २७३ मिलिमीटर रुंद आणि १८३ मिलिमीटर उंच असतो. त्याचे तीन भाग पडतात. उजवीकडे दर्शनी बाजू, डावीकडे मागची, आणि मधे १४ मिलिमीटरचा कणा. कपाटात डबी उभी केली की तो कणा तेवढा दिसतो. म्हणून नावाची खरी परीक्षा त्या चिंचोळ्या पट्टीवर होते. भिंतीवरच्या पोस्टरचे तसे नसते. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांच्या 'कल्याण खजिना' या १९२४ च्या चित्रपटाचे पोस्टर आजही टिकून आहे. ते रस्त्याने जाणाऱ्याला थांबवण्यासाठी होते. कव्हर हातात घेऊन उलटसुलट करून पाहायचे असते. पोस्टर हाक मारते, कव्हर कानाशी बोलते, असे म्हणावेसे वाटते.

सरांनी मला काही परदेशी नमुने दाखवले. अमेरिकेत १९८४ साली सुरू झालेली क्रायटेरियन नावाची कंपनी जगभरातले नावाजलेले चित्रपट दुरुस्त करून काढते, प्रत्येकाला क्रमांक देते आणि पुष्कळदा नवे चित्र करून घेते. त्यांतल्या कित्येक कव्हरांवर नट-नटीचे तोंडच नसते. तसेच सॉल बास या चित्रकाराचे 'अ‍ॅनॅटॉमी ऑफ अ मर्डर' या १९५९ च्या चित्रपटाचे पोस्टर पाहिले. त्यावर तुकडे केलेली एक काळी मानवाकृती आहे, बस्स. एका चित्रपटातून एकच विचार उचलायचा आणि बाकी सगळे सोडून द्यायचे! फ्लेक्सवाल्याच्या जिवाला हे फार जड जाते.

मी पहिला चित्रपट घेतला तो सत्यजित रायांचा 'पथेर पांचाली'. तोही मुद्दाम, कारण हा दिग्दर्शक मूळचा आमच्याच बिरादरीतला. १९४३ साली कलकत्त्याच्या डी. जे. कीमर या जाहिरात कंपनीत ते चित्रकार म्हणून लागले. सिग्नेट प्रेससाठी त्यांनी पुस्तकांची मुखपृष्ठे केली. बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या 'पथेर पांचाली' कादंबरीची मुलांसाठी संक्षिप्त आवृत्ती निघाली, तिची चित्रेही त्यांचीच. आणि ती काढतानाच यावर चित्रपट व्हावा असे त्यांच्या मनात आले. १९५५ साली तो पडद्यावर आला. पुढेही आपल्या चित्रपटांची पोस्टरे ते स्वतः करीत. म्हणजे पुस्तकाच्या चित्रांतून चित्रपट जन्मला, आणि आता त्या चित्रपटाचे चित्र मला करायचे होते. छाती दडपली, हे सांगायला लाज कसली?

चित्रपट पाहून मी एक दृश्य उचलले. सकाळ झाली आहे, लहानगा अपू डोक्यावरून पांघरूण घेऊन निजला आहे, आणि फाटक्या पांघरुणाच्या भोकातून त्याचा टपोरा डोळा एकदम उघडतो. चित्रपटात अपूची आणि आपली ही पहिली भेट. मी तो डोळा कापून मोठा केला, भोवती काळोख ठेवला, खाली नाव. सरांना तो फार आवडला. "हेच ठेव," म्हणाले.

छापण्यापूर्वी दुकानमालकांचा जुना लॅपटॉप घेऊन मी तो चित्रपट घरी आईला दाखवला. भाषा बंगाली, खाली अक्षरे इंग्रजी. तिला दोन्ही परकी. मी अक्षरे वाचून सांगू लागलो. ती इतकी भरभर पळत की माझीच दमछाक होई. थोड्या वेळाने आई म्हणाली, "तू गप बस रं. मला कळतंय." मग मी गप्प बसलो. गरिबाघरची सर्वजया शेजारणीचे टोमणे गिळते ते तिला कळले. म्हातारी इंदिर ठाकरूण गाठोडे उचलून निघते तेही कळले. दुर्गा तापाने गेल्यानंतर बाप परगावाहून येतो, तिच्यासाठी आणलेली साडी काढून दाखवतो, आणि आई कोसळते. तिचा हंबरडा आपल्याला ऐकूच येत नाही. त्याच्या जागी तारशहनाईचा सूर येतो. तेथे खाली एकही अक्षर नव्हते. आईने पदर तोंडाला लावला होता.

दुसऱ्या दिवशी मी तिला माझे कव्हर दाखवले.

"डोळा कुणाचा?"

"अपूचा."

"आन् ती पोरगी कुठाय?"

मी म्हणालो, "आई, हा डोळा म्हणजे जग पहिल्यांदा बघणारा डोळा. एकटाच छान दिसतो."

आई थोडा वेळ कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पर त्यो डोळा तिनंच उगडला न्हवं?"

मी लॅपटॉप पुन्हा लावला. दृश्य तसेच होते. आई दुर्गाला सांगते, भावाला उठव. दुर्गा त्याला हलवते, पांघरुणाच्या फाटक्या जागेतून बोटे घालते, आणि तो डोळा उघडतो. मग अपूचे केस विंचरले जातात आणि तो शाळेला जातो. दुर्गा घरी राहते. पुढच्या दोन चित्रपटांत अपू मोठा होतो. तिन्ही मिळून जग त्यांना 'अपू-त्रयी' म्हणते. माझी आईही भावाच्या मागची. मामा शाळेत गेला आणि ती शेळ्यांमागे. ती यावर कधी बोलत नाही. त्या दिवशीही बोलली नाही. भाकरी थापायला उठून गेली.

मी ते दृश्य पुन्हा घेतले आणि या वेळी चौकट रुंद ठेवली. डोळा लहान झाला, पण बोटे आत आली. सरांशी तासभर वाद झाला. त्यांचे म्हणणे, बोटांनी चित्राचे बळ जाते, नजर दोन जागी फिरते. कलेच्या दृष्टीने ते बरोबरही असेल. मी म्हणालो, "सर, नजर दोन जागी फिरू द्या." शेवटी ते हसले आणि "छाप" म्हणाले. नाव मी देवनागरीत हाताने काढले. १९५६ साली कान महोत्सवात मिळालेले पारितोषिक मागच्या बाजूस अगदी तळाला घातले, आणि वर एकच ओळ लिहिली : 'एका बहिणीची आणि तिच्या भावाची गोष्ट.'

आता कोणी विचारील, हा उद्योग कशासाठी? नव्या लॅपटॉपला तबकडी घालायला जागाच नसते. अमेरिकेत टपालाने डीव्हीडी घरोघर पाठवून मोठ्या झालेल्या नेटफ्लिक्सनेही २०२३ च्या सप्टेंबरात ते काम बंद केले. खरे आहे. पण मोबाइलवरही शेवटी नखाएवढी चित्रेच रांगेने उभी असतात, आणि त्यांतल्या एकावर बोट ठेवायचे असते. ते चित्र कोणी तरी निवडलेले असते. चौकटीत कोण राहील आणि कोण बाहेर जाईल, हे त्या कोणी तरी आपल्या आधीच ठरवलेले असते. माझ्या आईसारखी पुष्कळ माणसे अजून चित्रावरूनच निवडतात.

आतापर्यंत अकरा कव्हरे झाली. 'पथेर पांचाली'ची डबी या वर्षी चार जणांनी घरी नेली, चारही मुली. सध्या टेबलावर प्रभातचा १९३६ चा 'संत तुकाराम' आहे. सदेह वैकुंठाला निघालेला तुका पुढे घ्यावा, की पोरांना जेवू घालायचे म्हणून मागे राहणारी जिजाई, हे अजून ठरत नाही. या रविवारी आईला सुट्टी आहे. तिला चित्रपट दाखवीन आणि मगच कागद कापायला घेईन.