पहिल्या घासाचं ऋण

माझ्या लेकीच्या पहिल्या घासाचं ऋण आमच्या वाडीतल्या अंगणवाडीताईंचं आहे. कोकणातल्या या शाळेवर मी बदलून आले तेव्हा लेक तान्ही होती. सासर-माहेर दोन्ही लांब. मामाच्या मांडीवर उष्टावण झालं, पाहुणे गेले आणि रोज काय भरवायचं हे सांगायला घरात वडीलधारं कुणी उरलं नाही. ताई आपणहून आल्या. म्हणाल्या, “बाई, नाचणी आहे ना घरात? मग झालं तर!”

त्यांनी नाचणी रात्रभर भिजवायला लावली, सकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधली. पांढरे मोड दिसताच उन्हात खडखडीत वाळवून, दळून वस्त्रगाळ केली. मोड कशासाठी, हेही समजावलं. मोड आलेल्या धान्यात पिठूळ भाग फोडणारं एन्झाइम तयार होतं. त्यामुळे पीठ थोडं जास्त घातलं तरी पेज सैल राहते आणि इवल्या पोटात चार चमच्यांतच अधिक ताकद जाते. धान्यातलं लोह अडवून धरणारं फायटेटही मोडांनी कमी होतं. बाळ जन्माला येताना आणलेला लोहाचा साठा सहा महिन्यांच्या सुमारास सरत येतो, म्हणून वरचं अन्न तेव्हाच सुरू करायचं. अंगावरचं दूध मात्र दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही चालू ठेवायचं.

नाचणीमागून मऊ मुगाची खिचडी आली, मग उकडून कुस्करलेला लाल भोपळा. नवा पदार्थ एका वेळी एकच, तोही तीन दिवस, म्हणजे काय सोसत नाही ते कळतं. वर्षापर्यंत वरून मीठ-साखर नाही.

सासूबाई आल्या त्या गुटीसाठी मधाची बाटली घेऊन. ताई त्यांच्याशेजारी बसल्या. “आजी, मधातल्या जंतूंनी एवढ्याशा बाळाला बोट्युलिझम होऊ शकतो. वर्षाची होऊ दे, मग तुमच्याच हातानं चाटवा.” सासूबाईंनी बाटली फळीवर ठेवली. त्यांचा मान राखून माझ्या लेकीला जपणं ताईंना साधलं.

लेक घास जिभेनं बाहेर ढकलायची तेव्हा त्या म्हणायच्या, “थुंकत नाही ती, तिची जीभ शिकतेय.” आणि तिनं तोंड फिरवलं की चमचा खाली ठेवायच्या. भूक बाळाची असते, आपण फक्त वाढायचं, हे मी त्यांच्याकडून शिकले.

माझ्या पहिलीच्या वर्गात बसणारी बहुतेक मुलं ताईंच्या अंगणवाडीतून येतात. ज्या हातांकडून मी अक्षरं गिरवून घेते ते पेन्सिल धरण्याइतके बळकट व्हावेत, म्हणून ताई वर्षानुवर्षं दारोदारी जाऊन आयांना हेच समजावत आल्या आहेत. त्यामुळे त्यांचं ऋण मी आई म्हणून मानते आणि शिक्षिका म्हणूनही.